चढ आणि प्रेमाचे गुडघे

१४ ऑगस्ट

आयुष्यभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या यंत्रांचे नकाशे काढले. आता स्वतःच्या घराचा निर्णय घ्यायचाय, तर म्हटलं तोही कागदावर मांडावा. मनातल्या मनात ठेवलं की मी हट्टाला पेटतो, असं प्रेमा म्हणते. त्यात तथ्य असेलही, पण हे वाक्य तिला दाखवायचं नाही.

तर प्रश्न असा. आमचं घर चढाच्या टोकाला आहे. बेंगळुरात पीण्या या कारखान्यांच्या भागाच्या अलीकडे मेट्रोतून उतरायचं, मुख्य रस्ता ओलांडायचा, की आमची गल्ली सुरू होते ती थेट आभाळाकडे. कारखान्याच्या सोसायटीने खडकाळ जागा म्हणून हे प्लॉट स्वस्तात दिले, तेव्हा आम्ही तिशीच्या आसपास होतो. चढ आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. नळाचं पाणी वर चढायचं नाही, म्हणून प्रेमाने खालच्या बोअरवेलवरून कळशा आणून नव्या भिंतींवर पाणी मारलं होतं. त्याच प्रेमाचे गुडघे आता कुरकुरायला लागलेत.

ईशान, आमचा मुलगा, आणि सून अमृता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतात. तळ्याकाठचा सखल भाग, नववा मजला. लिफ्ट आहे, रस्ते सपाट आहेत. "घर विका आणि आमच्याकडे या," असं तो कधीपासून म्हणतोय आणि मी कधीपासून ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. पण परवा प्रेमाच म्हणाली, "अहो, माझ्याने आता हा चढ होत नाही. जाऊ या आपण ईशानकडे."

ईशानसाठी मी हललो नसतो. माझ्या स्वतःसाठी तर नाहीच नाही, मला काय धाड भरलीय? पण प्रेमाच्या गुडघ्यांपुढे माझा इलाज नाही. दसऱ्यापर्यंत काय ते ठरवायचं.

१९ ऑगस्ट

संध्याकाळी खाली भाजीला गेलो. येताना प्रेमा पहिल्यांदा हयवदनरावांच्या फाटकाशी थांबली. हयवदनराव बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या गल्लीतले सर्वांत जुने कानडी शेजारी. तिथे दोन गोष्टी बोलून निघालो, तर अर्ध्या चढावर गोदूबाईंच्या दाराशी ती परत थांबली. "डावा गुडघा," म्हणाली.

गोदूबाईंच्या घराण्याला बेंगळुरात चार पिढ्या झाल्या. मराठी बोलतात, पण निम्मं कानडीच असतं. त्यांनी लगेच आतून हातांची खुर्ची आणून बाहेर ठेवली. "बन्नी, बन्नी, या की. काय वो अण्णा, स्वल्प टेका की. घर काय पळून चाललंय?"

"हिच्यासाठी आहे ना खुर्ची," मी प्रेमाकडे बोट दाखवलं.

"तुम्ही बसा आधी," प्रेमा म्हणाली. "तुम्ही उभे असताना मी कशी बसू?"

इतक्या वर्षांनीही ही रीत तिने सोडली नाही. तिचं मन राखायला मी बसलो. मग गोदूबाईंनी चकली आणली, पाणी आणलं, आणि गप्पांत प्रेमाचं बसायचं राहूनच गेलं. वर पोचेपर्यंत मला जरा छातीत भरल्यासारखं वाटलं. चकली फार तेलकट होती.

१ सप्टेंबर

आज रविवार, ईशानकडे गेलो होतो. गॅलरीतून खाली पाहिलं आणि थक्क झालो. त्याच्या एका गेटाच्या आत माझ्या अख्ख्या गावापेक्षा जास्त माणसं राहतात. आणि शेजारी तसंच दुसरं गेट, त्याच्यापुढे तिसरं.

माझं गाव कृष्णाकाठचं. आमच्याकडे जमिनीच्या दोन जाती, काळी आणि पांढरी. काळी नदीकडची, कसदार. ती पिकवायची. पांढरी उंचावरची, तिथे राहायचं. काळीत घर बांधायचं कुणाच्या मनातही येत नसे, कारण नदी अधूनमधून तिथे मुक्कामाला यायची. बेंगळुरात नदीच नाही. शहर सगळं उंच पाठीवर वसलेलं, पाऊस पडला की पाणी दोन्ही अंगांनी उतरतं. जुन्या लोकांनी उताराच्या प्रत्येक खोलगटीत बांध घालून तळी केली आणि स्वतः वर राहिले. म्हणजे त्यांचीही काळी-पांढरी होतीच, नाव नव्हतं एवढंच. मग ऑफिसं आली, त्यांना ऐसपैस सपाट जागा हवी होती, आणि ऑफिसांमागून माणसं आली. जिथे पाणी राहत होतं तिथे आता माणसं राहतात. आणि आम्ही वरचे, आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरसुद्धा धापा टाकत येतो.

हे सगळं मी ईशानला ऐकवलं. गेटाजवळचा रस्ता, पार्किंग, मागच्या भिंतीलगतची जागा, सगळ्यांचा उतार इमारतीकडेच आहे, हेही दाखवलं. तो हसला. "बाबा, इथे काळी नाही, पांढरी नाही. इथे फक्त ट्रॅफिक आहे. अमृताचं ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ आहे. वर तुमच्याकडे राहिलो तर आमचं आयुष्य रस्त्यावरच जाईल."

त्याचंही खोटं नाही. माणूस पाणी बघून राहत होता, आता पोट बघून राहतो.

अमृताने रक्तदाबाचं नवीन यंत्र आणलंय. "बाबा, जरा शिकायचंय मला, तुमच्यावर करून बघू?" म्हणाली. एकदा केलं, दोनदा केलं, मग प्रेमाकडे बघून तिसऱ्यांदा केलं. पोरीला यंत्रांची गोडी आहे म्हणायची. मी तिला पट्टा नीट कसा गुंडाळायचा ते समजावून सांगितलं.

७ सप्टेंबर

गणपती आले. दरवर्षी मी मूर्ती हातात धरून चालत वर आणतो. आज मुख्य रस्त्यावर बघतो तर हयवदनराव गाडी काढून उभेच.

"चालत येतो मी," म्हटलं.

ते कानडीत म्हणाले, "सर, तुमचा प्रश्न नाही. अक्कांच्या गुडघ्यांचं काय?"

पुढच्या सीटवर मांडीत मूर्ती घेऊन बसलो. प्रेमाला म्हटलं, चल बैस, तर म्हणाली, "दुर्वा राहिल्या, त्या घेऊन मागून येते." आणि आम्ही आरतीचं तबक लावतोय तोवर आलीसुद्धा. गणपतीच्या दिवशी अंगात बळ येतं म्हणतात ते उगीच नाही.

परक्या मुलखात येऊन आम्ही काय पुण्य केलं होतं म्हणून असे शेजारी मिळाले, कोण जाणे. कोरमंगलात, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारी ओळखीची मुलं सांगतात की शेजारच्या दारामागे कोण राहतं तेही त्यांना ठाऊक नाही. इथे माझ्या बायकोचा गुडघा साऱ्या गल्लीला पाठ आहे.

२० सप्टेंबर

आज जे झालं ते लिहिताना डोळे भरून येताहेत.

गोदूबाईंच्या दाराच्या थोडं वर करंजाचं झाड आहे. दुपारी बघतो तर त्याच्या सावलीत ग्रॅनाइटची लांब फरशी, खाली दोन दगडी पाय, झकास बाक तयार. हयवदनरावांच्या भाच्याचा दगडाचा कारखाना आहे, तिथून आणवला. गोदूबाईंनी उभं राहून पातळी बघून घेतली.

"हे कशाला केलंत?" मी विचारलं.

"अक्कांसाठी," हयवदनराव म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

"अक्कांसाठीच," गोदूबाई म्हणाल्या. "तेवढाच जिवाला आराम पडतो की वो."

प्रेमा मात्र बाकावर बसली नाही. दगड गार लागतो, उजवा गुडघा आखडतो म्हणाली. एवढा खटाटोप करणाऱ्यांना वाईट वाटायला नको, म्हणून मग मीच बसलो. बराच वेळ बसलो. झुळूक छान येते तिथे. हल्ली छातीत भरतं तेही बसल्यावर कमी होतं. गॅसच असणार.

अशी माणसं सोडून जायचं. पण गुडघे तर तिचे आहेत.

४ ऑक्टोबर

एक बिल्डर घर बघून गेला. सभ्य माणूस. चहा घेऊन म्हणाला, "उंचावर आहे ते चांगलंच आहे, सर. चार मजले काढीन. वर पंप बसवला की पाणी काय, चढतंच." म्हणजे आमच्या एका घरात आठ कुटुंबं. खाली जागा उरली नाही, आता माणसं चढाला लागली.

तो गेल्यावर प्रेमाने त्याचा कप दोनदा विसळला.

१२ ऑक्टोबर, दसरा

बिल्डरला शब्द दिला. दिवाळीनंतर कागदपत्रं करायचं ठरलं.

प्रेमाला सांगितलं तेव्हा ती परसात कढीपत्त्याला पाणी घालत होती. "बरं झालं," म्हणाली. मग पाणी घालतच राहिली, आळं भरून ओसंडून गेलं तरी. मी म्हटलं, "अगं, झालं की." तर म्हणाली, "हो, झालंच." आणि आत गेली. सुटकेचा असा थकवा येतो माणसाला. इतके महिने त्या गुडघ्यांनी छळलं बिचारीला.

संध्याकाळी गल्लीभर सोनं वाटून आलो. घर विकतोय हे हयवदनरावांना सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. "तब्येत महत्त्वाची, सर," एवढंच म्हणाले. "सरी, सरी," मी कानडीत ‘बरं, बरं’ म्हटलं. मला वाटलं होतं, जाऊ नका म्हणतील.

१७ ऑक्टोबर

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. सामान बांधतोय. एक खोकं उचललं आणि घाम फुटला. प्रेमा ओरडली, "ठेवा ते खाली!" मी म्हटलं, खोक्याला गुडघे लागत नाहीत, खांदे लागतात. तिला हसू आलं नाही.

२२ ऑक्टोबर

शेवटी नदी नसलेल्या गावात पूर आला.

ईशानच्या इमारतीत पहाटे पार्किंगमध्ये पाणी शिरलं. गाड्या बुडाल्या, वीज गेली, लिफ्ट बंद, नळाला थेंब नाही. ईशान आणि अमृता नऊ मजले उतरून ट्रॅक्टरमध्ये बसून बाहेर पडले आणि दुपारी आमच्याकडे पोचले. अमृताच्या हातात चपला, पाठीवर लॅपटॉप, आणि पिशवीत ते रक्तदाबाचं यंत्र.

बोलायचं फार होतं, पण पोरांचे चेहरे बघून गिळलं. ईशानच म्हणाला, "बोला बाबा. काळी-पांढरी."

"आधी पिठलं-भात खा," म्हटलं.

ते जेवत असताना आमच्या गल्लीतून पाणी खळखळत खाली धावत होतं. दाराशी उभं राहून बघितलं. आमच्या पायरीला क्षणभरही टेकलं नाही. या खडकावर आम्हाला आणून बसवणाऱ्या सोसायटीचे मनोमन आभार मानले. पण मग शब्द दिलाय त्याचं काय? खाली पाणी, इथे चढ. प्रेमाला न्यावं तरी कुठे?

२३ ऑक्टोबर

सकाळी पाऊस उघडला. मुलं झोपली होती, मी गच्चीवर गेलो. जिन्यात एकदा थांबलो.

खाली मुख्य रस्त्याकडून एक बाई चढ चढत येत होती. दोन्ही हातांत पिशव्या, पदर खोचलेला, पावलं भराभर. मनात आलं, बघा, याला म्हणतात प्रकृती. हयवदनरावांचं फाटक मागे टाकलं, थांबली नाही. गोदूबाई दारात होत्या. त्या ओरडल्या, "काय अक्का, आज अण्णा नाहीत का संगतीला?"

बाई चालता चालताच म्हणाली, "झोपलेत!"

तो आवाज प्रेमाचा होता.

बाकापाशी ती थबकलीसुद्धा नाही. एका हाताने पिशवी सावरली आणि तशीच वर आली.

मी गच्चीच्या पायरीवर बसलो. गोदूबाईंची खुर्ची, गणपतीची गाडी, करंजाखालचा बाक, एकेक आठवत गेलं. त्या खुर्चीत कोण बसलं होतं? गाडीत कोण बसलं होतं? कधी डावा दुखायचा, कधी उजवा, आणि दुखण्याच्या जागा मात्र ठरलेल्या, बरोबर माझा श्वास संपायचा तिथेच. जन्मभर नकाशे वाचणाऱ्याला हा एवढा नकाशा वाचता आला नाही. राग यावा असं खूप वाटलं. आला नाही.

ती स्वयंपाकघरात दूध तापवत होती. विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. गॅस बारीक केला. म्हणाली, "तुम्हाला दम लागतो. होळीपासून लागतोय. डॉक्टरकडे चला म्हटलं असतं तर काय म्हणाला असतात?"

"मला काय धाड भरलीय."

"मग? ईशानने फोनवर विचारलं, अमृताने यंत्र लावून पाहिलं, तिलाही तुम्ही पट्टा बांधायला शिकवलंत. म्हटलं, यांना सांगून काही होणार नाही. निदान हा चढ तरी सुटू दे."

"आणि घर? तुझं घर होतं हे, प्रेमा."

"घराला काय करायचंय," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती माझ्यासमोर अशी कधी रडली नव्हती. मी तिच्याजवळ उभा राहिलो. दूध उतू गेलं ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही.

दहा वाजता मीच म्हटलं, "चला, डॉक्टरकडे."

२६ ऑक्टोबर

हॉस्पिटल. हात सुई टोचून ठणकतोय, म्हणून थोडंच लिहितो. हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बुजली होती. स्टेंट घातला.

डॉक्टर तरुण बाई आहेत. त्यांनी विचारलं, "राहता कुठे?" मी चढाचं सांगितलं, खाली सपाटीला जायचं ठरवल्याचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "नशीब समजा की अजून तिकडे राहायला गेला नव्हतात. सपाटीवर, लिफ्टने ये-जा करणाऱ्याला एवढ्या लवकर कळतच नाही. तुमच्या चढाने वेळेवर तक्रार केली. आणि तुमच्या मिसेसनी ती ऐकली."

"मग आता चढ बंद?"

"महिनाभर गाडीने जा. मग चढा. हळू, थांबत थांबत. चढाने काही होत नाही, न थांबण्याने होतं."

प्रेमा शेजारी होती. तिने माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, खरं तर ते सारखंच होतं.

मी जिवंत आहे. हे वाक्य लिहून बघावंसं वाटलं.

५ नोव्हेंबर

बिल्डरला फोन केला आणि शब्द परत घेतला. लाज वाटली. तो म्हणाला, "सर, माझी आई पण घर सोडत नाही. राहू द्या."

ईशान आणि अमृता काल परत गेले. त्यांच्याकडचं पाणी उपसलं, वीज आली, लिफ्ट सुरू झाली. मी अडवलं नाही. त्यांची नोकरी तिथे, मित्र तिथे. पण जाताना ईशानने आमच्या घरातली वरची खोली मोकळी ठेवायला सांगितली. "दर पावसाळ्यात येऊ," म्हणाला. त्यावर अमृता म्हणाली, "पावसाळा नसला तरी येऊ, बाबा." देवाने मला मुलगी दिली नाही अशी तक्रार मी एकेकाळी करायचो.

१ डिसेंबर

आज पहिल्यांदा पायी वर आलो.

खाली जातानाच ठरवलं होतं की सगळ्यांचे आभार मानायचे, अगदी स्पष्ट. हयवदनरावांच्या फाटकाशी उभा राहिलो आणि शुद्ध कानडीत सुरुवात केली. गाडीबद्दल, बाकाबद्दल, माझी लाज झाकल्याबद्दल.

ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "सर, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. गाडी अक्कांसाठी होती."

"आणि बाक?"

"तोही अक्कांसाठी."

वर गोदूबाईंना गाठलं. त्यांनी तर मला बोलूच दिलं नाही. "तुम्हाला काय झालंय वो, अण्णा? गड्यासारखे गडी आहात. गुडघे अक्कांचे. कबूल की नाही?"

मी प्रेमाकडे पाहिलं. तिने लगेच गुडघ्यावर हात ठेवला, जरा वाकली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "आज फारच दुखतोय, अहो."

एवढ्या माणसांनी मिळून धरलेली माझी इज्जत मी एकटा कशी सोडणार?

"सरी," म्हटलं. "मग आपण थांबू जरा."

करंजाखाली आलो. श्वास लागला होता, पण छातीत काही नव्हतं. नेहमीप्रमाणे ती म्हणाली, "तुम्ही बसा आधी." मी बसलो, आणि या वेळी एका कडेला सरकून तिच्यासाठी जागा केली. तीही बसली.